दोन ओळींची जागा

समुद्राकडे उतरणाऱ्या त्या गल्लीला
गिओमारची गल्ली म्हणतात.
कुठली गिओमार, हे कोणी लिहून ठेवलं नाही.

आता नगरपालिकेला पाटी हवी आहे.
हातभर लांब, वीतभर रुंद संगमरवर
मुख्य बेटावरून येऊन पडलाय.
सेन्योर एवारिश्तु म्हणाले, "दोन ओळी बसतील, लेऊंतीना.
शुक्रवारपर्यंत द्या.
आणि बाई एकच असू द्या."

मी चर्चच्या वह्या काढल्या.
कसर लागलेली पानं,
शाई उतरून चहाच्या डागासारखी झालेली.

पहिली सापडली चाच्यांच्या वर्षी.
गाव डोंगरात पळालं, ही मागे राहिली,
चर्चची घंटा एकटीनं ओढत नेली
आणि रताळ्यांच्या वाफ्यात पुरली.
चाचे गेले. पाद्री म्हणाला, काढ.
ती म्हणाली, परत आले तर?
मरेपर्यंत हेच म्हणत राहिली.
वहीत तिच्या नावापुढे एकच शब्द : हेकट.
घंटा अजून मिळालेली नाही.

मग एक सुईण.
तीनशे बारा बाळंतपणं,
प्रत्येक नोंदीखाली, गिओमारच्या हातून.
एका ऑगस्टनंतर तो हात दिसत नाही.
झाडपाल्यावरून कोणी चुगली केली,
लिस्बनच्या गलबतावर तिला चढवलं.
जाणाऱ्यांच्या यादीत ती आहे.
येणाऱ्यांची यादी मी दोनदा वाचली.

म्हातारी देओलिंदा खिडकीतून ओरडते,
"अगं, कसली बाई शोधतेस?
ती नाव होती! माझ्या पणज्याची नाव,
खाली धक्क्याला बांधलेली असायची."
"आणि नावेला नाव कुणाचं दिलं होतं?"
"ते नावेला विचार.
बुडाली ती."

एक तर मला धड सापडलीच नाही.
एवढंच दिसतं, की अमुक सालापर्यंत
नवऱ्या मुली सहीच्या जागी फुली मारतात,
आणि पुढच्या वसंतापासून
वेडीवाकडी अक्षरं,
सगळ्यांच्या शेवटच्या अक्षराला तीच शेपटी.
जाळी विणायच्या माळ्यावर
कोणीतरी या पोरींना बसवत होतं.
समासात पाद्र्याचा तिरका शेरा :
"पुन्हा एक गिओमारची शिष्या."
त्यानं नावं ठेवली,
म्हणून नाव राहिलं.

कंपनीच्या पगारपत्रकात
अकरा वर्षं एक मेलेला माणूस
टेकडीवर बसून देवमाशांची टेहळणी करतो.
दुर्बीण त्याची होती.
डोळे बायकोचे.
फवारा दिसला की ती आकाशात बाण सोडायची
आणि खाली चाळीस पुरुष वल्ही घेऊन धावायचे.
शनिवारी नवऱ्याच्या नावावर पैसे घ्यायची,
मोजून.

या बाईच्या आधी, त्याच घरात, आणखी एक.
मंगळवारी जन्म. गुरुवारी बाप्तिस्मा, घाईघाईनं.
शुक्रवारी दुसरी वही.
हिचं काय करू?
हिनं काहीच केलं नाही.
चार दिवस नाव वापरलं, मळवलंही नाही,
आणि पाठच्या बहिणीसाठी ठेवून गेली.

शुक्रवारी मी एकच ओळ दिली. गल्लीचं नाव.
एवारिश्तु म्हणाले, "पैसे दोन ओळींचे दिलेत."
म्हटलं, राहू द्या जागा.

शनिवारी खांबासाठी खड्डा खणायला
झेफेरीनुचा मुलगा आला.
गल्लीच्या वरच्या टोकाला,
जिथे म्हणे पूर्वी वाफे होते.
गुडघाभर खोल गेल्यावर
पहारीखाली काहीतरी वाजलं.
दगडाहून थोडं लांब,
थोडं गोड.

त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी खाली समुद्राकडे पाहिलं.
क्षितिजावर काहीच नव्हतं.
तरी म्हटलं, दगडच असेल,
हातभर अलीकडे खण.